समुद्राच्या वाट्याचं पाणी

आमच्या जुनवानीत बोअरचं पाणी पातेल्यात उकळलं की तळाशी पांढरा थर बसतो. रोज घासा, पंधरा दिवसांत कडेला चुन्याची खरपुडी धरतेच. गीझरची कॉइल बाहेर काढली तर ती हाडासारखी पांढरी आणि जाड झालेली असते. घरोघरी लिंबू किंवा व्हिनेगर घालून ती खरपुडी काढतात, ‘इथलं पाणी फार जड’ म्हणतात आणि कामाला लागतात. मला मात्र ती दिसली की हात थांबवून बघावंसं वाटतं. बोटाला लागणारा तो पांढरा चुरा एका समुद्राचा आहे. भिलाई-दुर्गच्या खाली पसरलेला चुनखडक शंभर कोटी वर्षांपूर्वी, काही थर त्याहूनही आधी, एका उथळ समुद्राच्या तळाशी बसला. भूशास्त्रज्ञ त्या सगळ्या प्रदेशाला ‘छत्तीसगड खोरं’ म्हणतात. पावसाचं पाणी त्या खडकातून झिरपताना थोडा चुना विरघळवून घेतं आणि आमच्या चुलीवर तो परत ठेवून जातं.

जुनवानी आता भिलाई शहरात मिसळून गेली आहे. कॉलेजं, दवाखाने, वसतिगृहं, मॉल. नाव मात्र गावाचंच राहिलं. छत्तीसगडीत ‘जुन्ना’ म्हणजे जुना, त्यामुळे मराठी कानाला या नावात ‘जुनं’ लगेच ऐकू येतं. समुद्रसपाटीपासून आम्ही सुमारे तीनशे मीटर उंचीवर आहोत आणि कोणताही किनारा इथून चारशे किलोमीटरच्या आत नाही. समुद्राशी आपला काय संबंध, असा प्रश्न इथे कुणी विचारला तर त्यात गैर काही नाही. याच प्रश्नाला मला उत्तर द्यायचं आहे, कारण त्याच्या पोटात आणखी एक वाक्य दडलेलं आहे. ते आपण सभांमधून, वर्तमानपत्रांतून, धरणांच्या भूमिपूजनांतून वर्षानुवर्षं ऐकतो: ‘एवढं पाणी समुद्रात वाया जातं.’ महाराष्ट्रात कोकणातल्या नद्यांबद्दल ते म्हणतात, इकडे महानदीबद्दल म्हणतात. हे वाक्य चुकीचं आहे असं माझं म्हणणं आहे, आणि ते किनाऱ्यावरून नव्हे तर इथून, जुनवानीतून, सांगावंसं वाटतं.

आधी त्या जुन्या समुद्राबद्दल, कारण भिलाई त्यावरच उभी आहे. फेब्रुवारी १९५५ मध्ये इथल्या पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. त्या भट्टीत काय पडतं ते पाहू. लोखंडाचा दगड येतो दल्ली-राजहऱ्याहून, चुनखडक नंदिनीच्या खाणीतून. दल्ली-राजहऱ्याचे पट्टेदार लोहखडक अडीचशे कोटी वर्षांहून जुने. त्या काळी समुद्राच्या पाण्यात लोह विरघळलेलं होतं. सूर्यप्रकाशावर जगणाऱ्या सूक्ष्म जीवांनी प्राणवायू सोडायला सुरुवात केली, लोह गंजलं आणि थराथराने तळाशी बसलं, असं त्याचं बहुतेकांनी मान्य केलेलं स्पष्टीकरण. नंदिनीच्या चुनखडकात त्याच जातीच्या जीवांची पुढची कामगिरी दिसते. शेवाळासारखे चिकट गालिचे एकावर एक चढत गेले, त्यांत चुना अडकत गेला, आणि कांद्याच्या पाकळ्यांसारखे वळसे दगडात कायमचे उमटले. शास्त्रात त्यांना स्ट्रोमॅटोलाइट म्हणतात. आमच्याकडे जुन्या घरांच्या अंगणात, ओट्यावर ‘फर्शी पत्थर’ बसवलेला असतो. तोही याच समुद्राच्या गाळाचा. पावसाने धुतलेल्या अशा फरशीवर कधी तिरपं ऊन पडलं की थर सुटे सुटे मोजता येतात. असे गालिचे आजही जिवंत पाहायचे असतील तर ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या शार्क बेसारख्या ठिकाणी जावं लागतं. ती खाडी हिंदी महासागराचीच.

भट्टीत दगडातल्या वाळूला चुनखडक ओढून घेतो, तिची मळी होते आणि लोखंड मोकळं होतं. म्हणजे भिलाईत गेली सहासष्ट-सदुसष्ट वर्षं दोन वेगवेगळ्या युगांचे समुद्र एकत्र वितळवले जात आहेत. २ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीत ‘विक्रांत’ ही विमानवाहू नौका नौदलात दाखल झाली. तिच्यासाठी भिलाई, बोकारो आणि राउरकेला या कारखान्यांतून सुमारे तीस हजार टन पोलाद गेलं. समुद्रात तयार झालेलं लोह इतक्या वर्षांनी परत समुद्रावर तरंगतं आहे, हे आठवलं की मला मनापासून आनंद होतो.

कुणी म्हणेल, तो समुद्र कधीच संपला, दगडाच्या गोष्टी सांगून पाण्याचा प्रश्न सुटत नाही. मान्य. मग जिवंत समुद्राकडे वळू.

‘बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा निर्माण झाला आहे’, हे वाक्य मराठी माणसाने आकाशवाणीवर लहानपणापासून ऐकलेलं असतं. मुंबईत ते ऐकून पुढे काही वाटत नाही. आमच्याकडे मात्र ते ऐकलं की दोन दिवसांत झड लागणार हे समजतं. पावसाळ्यात उपसागरावर कमी दाबाची क्षेत्रं एकामागून एक जन्मतात, ओडिशाच्या किनाऱ्यावर चढतात आणि महानदीच्या खोऱ्यावरून वायव्येकडे सरकत छत्तीसगड, विदर्भ, मध्य प्रदेश भिजवतात. दुर्ग जिल्ह्याचा पाऊस वर्षाला साधारण अकराशे-बाराशे मिलिमीटर. आमची कन्हार माती, मटासी माती आणि त्यातला धान या वाऱ्यांवर जगतो. आषाढात एखादा पट्टा चुकला तर रोपं पिवळी पडतात, बियासी, म्हणजे उभ्या धानातली नांगरट, खोळंबते.

आता प्रश्न असा की उपसागर हे दरवर्षी का करू शकतो आणि अरबी समुद्र तेवढं का करत नाही. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या शेणॉय, शंकर आणि शेटये या संशोधकांनी २००२ साली दोन्ही समुद्रांच्या उष्णतेचा ताळेबंद मांडून याचं उत्तर शोधलं. (ही संस्था १९६६ साली हिंदी महासागराच्या आंतरराष्ट्रीय मोहिमेतून उभी राहिली.) पावसाळ्यात अरबी समुद्रावर जोराचे वारे सुटतात, वरचं ऊन पाणी खालच्या थंड पाण्यात घुसळलं जातं आणि पृष्ठभाग गार पडतो. उपसागरात वारे तुलनेने मंद, आणि त्यावर गोड्या पाण्याचं पांघरूण असतं. गंगा, ब्रह्मपुत्रा, इरावती, महानदी, गोदावरी, कृष्णा यांचं पाणी आणि वरचा पाऊस मिळून खाऱ्या पाण्यावर एक हलका थर तयार करतात. तो थर खालच्या पाण्यात सहज मिसळत नाही, म्हणून ऊब वरच राहते. पृष्ठभागाचं तापमान अठ्ठावीस अंशांच्या वर टिकतं आणि ढगांना हवं असलेलं बळ मिळत राहतं.

या ठिकाणी मला थांबून पुन्हा सांगावंसं वाटतं. नद्या समुद्राला जे गोडं पाणी देतात, त्यामुळे समुद्र ऊबदार राहतो. समुद्र ऊबदार राहतो म्हणून पाऊस परत नद्यांच्या खोऱ्यावर येतो. एकटी महानदी अडवली तर पाऊस थांबेल असं मी म्हणत नाही; या हिशोबात गंगा-ब्रह्मपुत्रेचा वाटा कितीतरी मोठा आहे. पण जे पाणी समुद्रात ‘वाया गेलं’ असं आपण म्हणतो, त्याने तिथे पोचल्यावर काम केलेलं असतं, एवढं तरी नक्की ठरतं. दुकानदार गल्ल्यातून बँकेत भरलेल्या पैशांना ‘वाया गेले’ म्हणत नाही.

आपल्याला हे समजायला जड का जावं? मला वाटतं, मराठी मनाचा समुद्र पश्चिमेला आहे आणि मराठी मुलखाचं पाणी पूर्वेला जातं. सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, कान्होजी आंग्रे, मुंबई, कोकणची खाडी ही आपली समुद्राची शब्दसंपत्ती. आणि नद्या? कृष्णा महाबळेश्वरला उगवते, अरबी समुद्र तिथून पासष्ट किलोमीटरही नसेल. ती मात्र पाठ फिरवून चौदाशे किलोमीटर चालत उपसागर गाठते. गोदावरी त्र्यंबकेश्वराहून तेच करते. भीमा, मांजरा, वर्धा, वैनगंगा, सगळ्या तिकडेच. महाराष्ट्राच्या भूमीचा जवळजवळ पाऊण हिस्सा बंगालच्या उपसागराचा पाणलोट आहे. गडचिरोलीच्या कोपऱ्यातला एक लहानसा तुकडा तर महानदीच्या खोऱ्यात मोडतो. आपण ज्या समुद्राचे खरे रहिवासी आहोत, त्याच्याकडे पाहायला आपण शिकलोच नाही.

आणि एकदा तो समुद्र आपल्या हातात होता, हे किती जणांना आठवतं? १७४१ साली नागपूरकर भोसल्यांचे सेनापती भास्करराम कोल्हटकर बंगालच्या वाटेवर असताना छत्तीसगडातलं रतनपूरचं राज्य नागपूरच्या अमलाखाली आलं. पुढची दहा वर्षं बंगालवर स्वाऱ्या झाल्या. बंगाली घरांत ‘बर्गी’ हा शब्द आजही भीतीचा शब्द म्हणून माहीत आहे. तो आपल्या बारगिरांवरून पडला. ही दहशत आपल्या इतिहासाचा भाग आहे आणि ती लपवू नये. १७५१ मध्ये बंगालचा नवाब अलीवर्दीखान याच्याशी तह होऊन ओडिशा रघूजी भोसल्यांकडे आला. त्या दिवसापासून १८०३ पर्यंत, बावन्न वर्षं, नागपूरपासून कटक आणि बालेश्वरपर्यंतचा पट्टा एका मराठी दौलतीत होता. महानदीला मिळणारी आमची शिवनाथ जिथे उगम पावते त्या पानाबरसच्या डोंगरापासून महानदीच्या मुखापर्यंत जवळजवळ सगळी नदी एका कारभाराखाली. १७५८ पासून बिंबाजी भोसले रतनपुरात राहून छत्तीसगड सांभाळत होते.

या बावन्न वर्षांत नागपूरकरांनी किनाऱ्याकडून सारा घेतला, यात्रेकरूंची व्यवस्था केली, जगन्नाथाच्या सेवेला पैसा दिला. कोणार्कचा अरुणस्तंभ पुरीच्या सिंहद्वारासमोर आला तो याच काळात. किनाऱ्यावरचं मीठ नावांतून महानदीने वर संबळपूरकडे चढायचं आणि तिथून वंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवर आत यायचं. आमच्या या भागातल्या भाजीला समुद्राची चव लागायची ती अशी. पण आरमार? बंदराची उभारणी? जहाजबांधणी? कोकणात जे मराठ्यांनी करून दाखवलं, ते इथे मनातही आणलं नाही. इंग्रज १६३३ पासून बालेश्वरात वखार टाकून बसले होते. त्यांना हा किनारा हवा होता, कारण बंगाल आणि मद्रास यांच्यामधली ती एकच फट होती. ऑक्टोबर १८०३ मध्ये कटकचा बाराबती किल्ला पडला, १७ डिसेंबर १८०३ रोजी देवगावच्या तहाने कटक प्रांत गेला. मराठ्यांच्या इतिहासात या तहाला असई-आरगावच्या लढायांची शेपटी म्हणून दोन ओळी मिळतात. माझ्या मते तो आपल्या इतिहासातला मोठा तोटा होता, कारण त्याने एका खोऱ्याचा उगम एका सत्तेकडे राहिला आणि मुख दुसऱ्या सत्तेकडे गेलं. आज दोन राज्यं ज्या नदीवरून भांडतात, तिचे तुकडे त्या दिवशी पडले.

त्याच्या कितीतरी आधीपासून नदी ही समुद्राकडे जाणारी वाट होती. महानदीकाठच्या सिरपूरला १९५० च्या दशकात मोरेश्वर गंगाधर दीक्षितांनी उत्खनन केलं, तेव्हा बौद्ध विहारांच्या अवशेषांत आठव्या शतकातलं एक चिनी तांब्याचं नाणं मिळालं. सिरपूर किनाऱ्यापासून कितीतरी आत. त्या नाण्याने कोणती वाट धरली हे नाणं सांगत नाही, पण सिरपूरच्या पायाशी जी वाट होती ती थेट समुद्राला जात होती. कटकला कार्तिक पौर्णिमेला महानदीच्या वाळवंटात बालीयात्रा भरते, लोक पहाटे केळीच्या सोपाच्या नावा करून त्यांत दिवे लावून पाण्यात सोडतात. ओडिया दर्यावर्दी जावा-बालीकडे जायचे त्याची ती आठवण. त्या पाण्यात आमच्या शिवनाथेचं पाणी असतंच.

एक आक्षेप मला रास्त वाटतो, त्याला उत्तर दिलं पाहिजे. ‘सगळं सगळ्याशी जोडलेलं आहे’ असं म्हणून काहीच सिद्ध होत नाही, असं विचारी माणूस म्हणेल. खरं आहे. म्हणून मी ते म्हणत नाही. पाणलोटाला हद्द असते आणि ती अगदी कठोर असते. अमरकंटकला जा. एका उतारावर पडलेला पाऊस नर्मदेने भडोचला, अरबी समुद्रात जातो. थोड्या अंतरावरचा सोन नदीने गंगेत जातो. मैकलच्या आमच्या बाजूला पडलेला शिवनाथेत आणि महानदीत येतो. जुनवानीच्या नाल्यातलं पाणी भडोचला कधीही जाणार नाही. तिथल्या मच्छीमाराचं आम्ही काही देणं लागत नाही, निदान पाण्याच्या हिशोबात तरी नाही. पण महानदीच्या मुखावरच्या माणसाचं लागतो. समुद्राची हद्द वाळूच्या रेषेवर धरणं ही नकाशा छापणाऱ्यांची सोय आहे. ती पाणलोटाच्या शेवटच्या चढावर धरली पाहिजे, आणि तशी धरली की दुर्ग, राजनांदगाव, नाशिक, सातारा हे समुद्राचे जिल्हे ठरतात.

एवढं मानलं की शिवनाथेवरच्या निर्णयांकडे बघायची दृष्टी बदलते. १९९८ साली दुर्गजवळच्या बोरई औद्योगिक वसाहतीला पाणी पुरवण्याच्या नावाखाली नदीचा सुमारे तेवीस किलोमीटरचा पट्टा बावीस वर्षांच्या कराराने एका खासगी कंपनीच्या हाती दिला गेला. काठावरच्या केवट-ढिमरांची जाळी आणि शेतकऱ्यांचे पंप अचानक परक्याच्या पाण्यात आले. लोक उठले, देशभर चर्चा झाली, २००३ मध्ये सरकारला करार रद्द करण्याची घोषणा करावी लागली. त्या लढ्याचा मला आदर आहे. तरी त्या साऱ्या वादात प्रश्न एवढाच होता की नदी कंपनीची की गावाची. खालच्या माणसाचं, खाडीचं, समुद्राचं नाव त्यात आलं नाही.

आणि खाली काय चाललं आहे? १९५७ साली महानदीवर हिराकूड धरण झालं. पूर आवरले, वीज मिळाली, लाखो एकर भिजले, आणि ते ज्यांना मिळालं त्यांच्या दृष्टीने ते मोलाचंच आहे. पण धरण पाण्याबरोबर गाळही अडवतं. त्रिभुज प्रदेश म्हणजे नदीने समुद्राला दिलेल्या गाळातून समुद्राने परत दिलेली जमीन. गाळ कमी झाला की समुद्र ती जमीन परत मागू लागतो. ओडिशाच्या केंद्रापाडा जिल्ह्यातलं सातभाया याचं सगळ्यात करुण उदाहरण. सात गावांचा तो समूह, एकेक गाव पाण्यात गेलं, हापसे भरतीच्या पाण्यात उभे राहिले, आणि उरलेल्या कुटुंबांना आत बागपटियाला नेऊन वसवावं लागलं. तिथे समुद्राची पातळी वाढते आहे, वादळं आहेत, ब्राह्मणी-वैतरणीही आहेत. एकट्या महानदीवर किंवा एका धरणावर दोष टाकणं खोटं होईल. पण गाळाची शिदोरी कमी झालेल्या किनाऱ्याला ते घाव जास्त लागतात, हेही तितकंच खरं. शेजारीच गहिरमाथ्याच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवं हजारोंनी अंडी घालायला येतात. ती वाळूही नद्यांनीच आणून दिलेली.

माशांचंही तसंच. हिलसा समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला गोड्या पाण्यात चढतो. १९७५ मध्ये गंगेवर फरक्का बंधारा झाला आणि प्रयागपर्यंत चढणारा हिलसा वरच्या गंगेतून जवळजवळ दिसेनासा झाला. तिथल्या मल्लाहांच्या घरी त्याची भरपाई कुणी केली? ज्या हिशोबात समुद्रात जाणारं पाणी तोट्याच्या रकान्यात लिहिलं जातं, त्यात असा मासा कोणत्याच रकान्यात बसत नाही.

मला माहीत आहे, मराठवाड्यातल्या टँकरच्या रांगेत उभ्या असलेल्या बाईला हे सगळं ऐकवणं सोपं नाही. तिची घागर आधी भरली पाहिजे, यावर माझ्याकडून वाद नाही. पण ‘वाया जाणारं पाणी’ अडवून झालेल्या धरणांचं पाणी तिच्या घागरीत किती आलं आणि उसात, कारखान्यात किती गेलं, हेही तिलाच विचारून बघावं. पिण्याचं पाणी हा नदीच्या एकूण पाण्याचा अगदी लहान भाग असतो. त्याच्या नावाने बाकीचं सगळं पाणी उचलणं हा त्या बाईवरचाही अन्याय आहे.

महानदीच्या पाण्यासाठी मार्च २०१८ मध्ये लवाद नेमला गेला. ओडिशाची तक्रार अशी की छत्तीसगडने वर बांधलेल्या बंधाऱ्यांमुळे उन्हाळ्यात खाली पाणी येत नाही. छत्तीसगडचं म्हणणं असं की खोऱ्याचा निम्म्याहून जास्त भाग आमचा, पाणी आमच्या डोंगरात पडतं, आणि पावसाळ्यात खाली जाणारं कितीतरी पाणी समुद्रातच जातं. दोन्ही पक्षांचे वकील एकमेकांशी भांडतात, आणि समुद्रात गेलेल्या पाण्याकडे दोघेही आपला हातचा गेलेला घास म्हणून बघतात. मी छत्तीसगडात राहतो, माझं धान, माझी वीज, माझं घर या बाजूला आहे. तरीही लवादापुढे तिसरा हिस्सेदार हजर नाही असं मला वाटतं. आधी समुद्राच्या वाट्याचं पाणी आणि गाळ बाजूला काढावा, महिन्यागणिक, उन्हाळ्यातलासुद्धा. आणि मग उरेल ते दोन राज्यांनी वाटून घ्यावं. इकडच्या मराठी मंडळींना आणि महाराष्ट्रातल्या वाचकांनाही माझी एवढीच विनंती आहे: पुढच्या वेळी व्यासपीठावरून कुणी ‘समुद्रात वाया जाणारं पाणी’ म्हणालं, तर उठून उभं राहावं आणि वाया म्हणजे नेमकं कुणाचं गेलं, ते विचारावं.